वीज मुंबईला, झळा चंद्रपूरला

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. येथून निघणारी एक उच्चदाब वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर अंतर कापून भिवंडीजवळच्या पडघ्याला जाते. १५०० मेगावॅट क्षमतेची ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली ती मुंबईकडची गरज भागविण्यासाठी. राख, धूर आणि उष्मा वाहून नेणारी वाहिनी मात्र कोणी बांधली नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथे आले. गुणवत्ता यादीत येण्याचा हा मान!

२०१९ च्या मे महिन्यात येथील पारा ४७ अंशांच्या पुढे गेला. हवामान बदल म्हटला की आपले विद्वान हिमनगांवर बोलतात. नवतपात टिनाखाली झोपणाऱ्या कंत्राटी मजुरावर बोलत नाहीत. ४७ अंश सर्वांना सारखे नसतात. वातानुकूलित बंगल्यात तो वर्तमानपत्रातला आकडा असतो, कामगार वस्तीत तो अंगावर येतो. कूलर लावावा तर त्याला वीज हवी आणि पाणीही हवे. धुराड्याच्या सावलीत राहतो म्हणून महावितरणचे बिल कमी येत नाही.

घरांचेच पाहा. पूर्वी या भागात मातीच्या भिंती आणि कवेलूची छपरे होती. ती गरिबीची खूण मानली गेली आणि पक्क्या घराचा आग्रह आपणही धरला. तो रास्तच होता, कारण गळके घर हा काही आमचा सांस्कृतिक वारसा नव्हे. परंतु रमाई आवास योजनेतील २६९ चौरस फुटांच्या घरकुलावर सिमेंटचा स्लॅब पडला की तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. अनुदानाच्या रकमेत छपरावरचा पांढरा थर, समोरासमोर खिडक्या, दारात एक झाड यांचा हिशेब का नसावा? नगररचना हा श्रीमंतांच्या वसाहतींचाच विषय आहे काय?

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. आमची चळवळ आरक्षणावर जेवढी बोलली, तेवढी बाबासाहेबांच्या या कामावर बोललेली नाही.

सिरोंचातून प्राणहिता ओलांडली की तेलंगणा लागते. त्या राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणले आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. छपरावर ऊन परतवणारा पांढरा थर द्यायचा, एवढेच ते तंत्र. चुन्यानेही बरेच काम भागते. चंद्रपूर महापालिकेच्या अर्थसंकल्पात दलित वस्त्यांच्या निधीतून प्रत्येक छपरासाठी ही तरतूद मागता येईल. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

गडचिरोलीत तर अजून वेळ गेलेली नाही. तीन चतुर्थांश जंगलाच्या या जिल्ह्यात सूरजागडच्या लोहखनिजावर पोलादाचे कारखाने येत आहेत. कारखान्याभोवती मजुरांची वस्ती वाढतेच. तिचा आराखडा झाडे तुटण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवण्याची मागणी आताच करावी लागेल.