किल्ट नेसून कचेरीस

किल्ट या वस्त्राविषयीं मराठींत लिहावयास बसलें कीं पहिल्याच वाक्याशीं लेखणी अडते. तो नेसावा कीं घालावा? आपण धोतर, पंचा, लुगडें नेसतों, सदरा, कोट, विजार घालतों, पागोटें बांधतों. ज्याला शिवण नाहीं व जें अंगावरच आकार घेतें तें नेसावयाचें. जें शिंप्यानें आधींच आकारास आणून ठेविलें तें घालावयाचें. किल्ट या दोहोंच्या शिवेवर उभा आहे, आणि त्याचा इतिहास म्हणजे नेसण्याकडून घालण्याकडे झालेला प्रवास होय.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत, म्हणजे हायलंडांत, पुरुष लोंकरीचें एक लांबच लांब वस्त्र वापरीत असत. तें जमिनीवर पसरून चुण्या घालावयाच्या, त्यावर उताणें पडून कमरेस पट्टा आवळावयाचा, आणि उठून वरचा भाग खांद्यावर टाकावयाचा. रात्रीं तेंच पांघरूण. हें निखळ नेसणें झालें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत वरचा भाग गळाला व कमरेखालचा तेवढा राहिला. ही काटछांट थॉमस रॉलिन्सन नांवाच्या इंग्रज लोखंड-कारखानदारानें केली असें एक जुनें पत्र सांगतें. पुष्कळ स्कॉटिश मंडळींना ही गोष्ट मुळींच मानवत नाहीं, हें सांगावयास नकोच! शतक संपतां संपतां चुण्या शिवल्या जाऊं लागल्या. आज पुऱ्या किल्टास सुमारें आठ वार लोंकरी कापड लागतें. पुढें सपाट पदर, मागें चुण्यांची दाट रांग, बाजूस चामड्याचे पट्टे व बकलें. मात्र खालची कड दुमडून शिवीत नाहींत. विणकऱ्यानें सोडलेला काठच तेथें येतो. धोतराचा काठ पारखून घेणाऱ्या घरांतील वडील मंडळींस हें ऐकून बरें वाटेल.

या वस्त्रानें सरकारचा रोषही सोसला आहे. १७४५ सालीं हायलंडांतील कांहीं कुळांनीं पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनें बंड केलें. तें १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर मोडलें. त्याच वर्षीं कायदा होऊन हायलंडी पोषाखावर बंदी आली व १ ऑगस्ट १७४७ पासून ती अमलांत आली. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग. पुन्हा सांपडल्यास सात वर्षें समुद्रापलीकडे रवानगी. कमरेच्या वस्त्रासाठीं काळें पाणी! १७८२ त कायदा रद्द झाला, तोंवर पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. बापाच्या अंगावरचें वस्त्र मुलानें पाहूं नये, एवढा हा अवधि आहे. सरकारी पलटणींतील शिपायांस मात्र सवलत होती. या हायलंडी पलटणी पुढें आपल्या दारींही आल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची जी लढाई झाली, तींत ७४ वी व ७८ वी या दोन हायलंडर पलटणी होत्या.

बंदी उठल्यावर किल्ट रोजच्या व्यवहारांत परतावा, अशी अपेक्षा कोणीही करील. तसें झालें नाहीं. तो परतला तो मानाच्या पाटावर बसून. १८२२ च्या ऑगस्टांत राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हां कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यानें स्वागताची सारी मांडणी केली, आणि राजानें स्वतः किल्ट परिधान केला. पायांत अंगाच्या रंगाचे लांब मोजे चढवून! ज्या शहरी, दक्षिणेकडील स्कॉट लोकांचे आजे-पणजे या वेषाला डोंगरी लुटारूंचा वेष म्हणून नाक मुरडीत, तेही आतां हौसेनें टार्टनच्या चौकड्या मिरवूं लागले. तेव्हांपासून लग्न, मेजवानी, रग्बीचा सामना, वाद्यपथक यांत किल्टाचें स्थान पक्कें आहे. राजे तिसरे चार्ल्स हेही हायलंडांत असतांना तो वापरतात. एवढा मान मिळूनही एक गोष्ट गेलीच. कामाच्या दिवशीं, कामाच्या ठिकाणीं किल्ट दिसणें दुर्मिळ झालें.

आणि आपल्या घरीं तरी काय निराळें आहे? गणेशचतुर्थीस मुलगा पूजेला बसतो, तेव्हां निऱ्या शिवलेलें, कमरेस नाडी अथवा इलॅस्टिक लाविलेलें तयार धोतर दुकानांतून येतें. तें तो नेसत नाहीं, घालतो. आरती होते न होते तोंच तें खुंटीवर जातें. याबद्दल मुलांस दोष देण्याची माझी इच्छा नाहीं. लोकलच्या गर्दींत किंवा दुचाकीवर कासोटा सांभाळणें काय असतें, तें सांभाळणाऱ्यासच ठाऊक.

या विषयाकडे मी वळलों तो भाच्याच्या एका ई-मेलमुळें. तो एडिंबरोस एका विमा-कंपनींत नोकरीस आहे. हिशेबखात्यांतील त्याचे एक सहकारी, वय पंचेचाळिशीच्या पुढें, एका मंगळवारीं किल्ट परिधान करून कचेरींत आले. स्वतःच्या लग्नांत शिवून घेतलेला तो किल्ट वर्षांतून दोनदां पेटींतून निघे. त्या दिवशीं तो प्रथमच कचेरीची पायरी चढला. पहिल्यानें विचारिलें, “आज लग्न कोणाचें?” दुसऱ्यानें, “सामना आज आहे काय?” तिसऱ्यानें, “पैज हरलांत वाटतें?” त्यांनीं प्रत्येकास एकच उत्तर दिलें, “आज मंगळवार आहे.”

चौथा प्रश्न सभ्य घरच्या मासिकांत लिहावयाचा नव्हे. किल्टाच्या आंत काय असतें, हा तो प्रश्न. लग्नांत तो थट्टेवारी जातो. पण कचेरींत, सर्वांसमक्ष, कोणी एखाद्या भगिनीस असें विचारील तर त्याची तक्रार तत्काळ वरपर्यंत जाईल. पुरुषास विचारलें कीं हंसावयाचें, असा रिवाज कां असावा? त्या गृहस्थांनीं प्रश्न ऐकलाच नाहीं असें दाखवून कागद पुढें केला. भाच्याला वाटलें, ते रागावले. मला वाटतें, त्यांनीं योग्य तेंच केलें.

बाकीच्या अडचणी साध्या होत्या, पण पहिल्या दिवशीं साध्याही मोठ्या वाटतात. बसतांना मागील चुण्या हातानें सारख्या करून मगच टेकावें लागतें, नाहीं तर उठतांना मागें चुरगळा दिसतो. पायावर पाय टाकतां येत नाहीं. पुढें लोंबणारी चामड्याची पिशवी, जिला स्पोरन म्हणतात, ती दिवसाच्या वापराची साधी असावी लागते. केसाळ, चांदीच्या कड्यांची पिशवी समारंभाची. किल्टाची टांचणी केवळ वरच्या पदरास लावावयाची. दोन्ही पदर मिळून टोंचलें तर कापड फाटतें. गुडघ्याच्या मध्यावर कड यावी. मोज्यांत खोंचावयाची लहान सुरी त्यांनीं घरींच ठेविली. स्कॉटलंडांत उघड्यावर पात्याचें हत्यार बाळगणें गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय पोषाखाचा भाग म्हणून कायद्यानें बचाव दिला असला तरी कचेरीच्या पहारेकऱ्याशीं सकाळींच कायद्याचा काथ्याकूट कोण करणार? दुपारपर्यंत लोकांचें बोलणें सरलें. गुरुवारीं ते पुन्हा तसेच आले, तेव्हां कोणी मान वर करून पाहिलें नाहीं.

हें सारें लिहून भाच्यानें शेवटीं विचारिलें होतें, “मामा, मीही एक दिवस धोतर नेसून जाऊं का?”

मीं त्याला कळविलें कीं जावें, पण तेथें नव्हे. एडिंबरोंत धोतर हें परदेशी नवल ठरेल. चार जण छायाचित्रें काढतील, कौतुक होईल, आणि कौतुकांत धैर्याचें काम पडत नाहीं. त्या गृहस्थांनीं जें केलें तें स्वतःच्या गांवीं, स्वतःच्या माणसांत केलें, जेथें प्रत्येकाला तें वस्त्र ओळखीचें व म्हणूनच अवेळीं वाटत होतें. त्याला जोड पुण्याच्या कचेरीची. तेथें “आज काय, पूजा का?” हाच प्रश्न दहा वेळां ऐकावा लागेल, आणि विचारणारे सारे आपलेच असतील. आपल्या देशांत हा विषय कोर्टकचेऱ्यांच्या माणसांसही चुकलेला नाहीं. २०१४ सालीं चेन्नईंतील एका क्रिकेट-क्लबच्या दारावर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस वेष्टी नेसल्याबद्दल अडविलें गेलें. त्याच वर्षीं तामिळनाडूच्या विधानसभेनें अशी अडवणूक कायद्यानें बंद केली. कायद्यानें दार उघडतें. आंतल्या माणसांच्या नजरेचें काय, तें ज्यानें त्यानें पाहावयाचें.

भाच्यानें वाद घातला नाहीं. डिसेंबरांत तीन आठवडे पुण्याच्या शाखेंत त्याचें काम आहे, तेव्हां बघूं, म्हणाला. त्याच्या मामींनीं तेवढ्यावरच ट्रंक उघडून आजोबांचा नागपुरी धोतरजोडा उन्हांत टाकला. एका धोतराला घडीवर कसर लागली आहे. दुसरें शाबूत आहे, काठही तसाच लाल आहे. आतां नेसावयास शिकविण्यासाठीं एक रविवार ठरवावयाचा आहे.