खेळाडूचे श्रम कशानें मोजावे?

फुटबॉलचा सामना संपला म्हणजे गोल किती झाले हें सर्वच सांगतात. त्या गोलांसाठीं कोणाच्या छातीचा भाता किती वेळ चालला, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं विचारावयास हवा, असें माझें मत आहे.

1976 सालीं इंग्लंडांत थॉमस रायली व त्यांचे सहकारी यांनीं एक साधी युक्ति योजिली. एका सामन्यांत एकाच खेळाडूवर नजर ठेवावयाची. तो चालतो, धांवतो, मागें सरकतो, तें ध्वनिफितीवर बोलून नोंदावयाचें आणि त्यावरून अंतर काढावयाचें. सरासरी 8680 मीटर भरलें. त्यांतील चेंडू पायाशीं असतां कापलेलें अंतर शेंकडा 2 हूनहि कमी! उरलेली सारी पायपीट चेंडूवांचूनच. हल्लीं व्यावसायिक खेळाडूंच्या पाठीवर लहानसें यंत्र असतें व तें उपग्रहांच्या साहाय्यानें प्रत्येक धांव टिपतें. अधिकृत सामन्यांत त्यास 2015 पासून परवानगी आहे.

पण अंतर म्हणजे श्रम नव्हेत. मासळीची पाटी घेऊन दारोदार हिंडणारी बाईहि दिवसांत तितकी चालत असेल. फुटबॉलमध्यें शरीर थकतें तें एकाएकीं धांवण्यानें, थांबण्यानें, वळण्यानें. म्हणून डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनीं निराळी कसोटी काढली: 20 मीटर जावयाचें, तितकेंच परत यावयाचें, 10 सेकंद विसावा, आणि पुन्हां अधिक वेगानें.

आतां आमच्या गांवची गोष्ट. कोल्हापुरांत फुटबॉलचे संघ तालमींचीं नांवें धारण करतात, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने पाहिल्यापासून आमच्या मुलांस तेथील उदाहरण देण्याची मला खोड लागली होती. एकदां ऑक्टोबरांतील सामन्यांत आमचा एक मुलगा उत्तरार्धांत उभाच राहिला. मीं कडेवरून त्यास कोल्हापूरच्या मुलांवरून टोचून बोललों. तो पुन्हां धांवला. सामना संपतांच त्यास वांति झाली, अंग गार पडलें, आणि कांहीं वेळ त्यास स्वतःचें नांवहि नीट सांगतां येईना. संध्याकाळपर्यंत तो सावरला, ही देवाची कृपा. मध्यंतरांतच तो मला म्हणाला होता, “सर, डोकं गरगरतंय.” मीं ऐकलें नव्हतें.

आंबा घाटापलीकडची हवा आमच्या मानानें कोरडी. येथें समुद्रकांठीं घाम सुकत नाहीं, नुसता ओघळतो. आणि घाम सुकल्यावांचून शरीर निवत नाहीं. तेंच अंतर, तोच वेग, परंतु भार अधिक. जागतिक फुटबॉल संघटनेनें म्हणूनच ऊन व दमटपणा एकत्र धरून तापमानाचा एक अंक ठरविला आहे; तो 32 च्या वर गेला तर पाण्यासाठीं खेळ थांबवितां येतो. 2014 च्या विश्वचषकांत नेदरलंड्स व मेक्सिको यांच्या सामन्यांत तसा थांबविलाहि होता. व्यावसायिक वीरांस जी सवलत, ती चौदा वर्षांच्या मुलास नको काय?

यंत्रें शाळेस परवडणार नाहींत. परंतु वजनाचा कांटा आहे: खेळापूर्वीं व खेळानंतर मुलास तोलावें, मध्यें कांहीं खाल्लेंप्यालें नसेल, तर एक किलो घट म्हणजे सुमारें एक लिटर घाम. आणि याहूनहि स्वस्त साधन म्हणजे प्रश्न. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनीं श्रमाची जाणीव अंकांत सांगण्याची रीत घालून दिली. पुढें अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनीं खेळाडूस 0 ते 10 यांमधील अंक विचारून त्यास मिनिटांनीं गुणिलें. 60 मिनिटें व अंक 7, तर भार 420. हृदयाच्या ठोक्यांवरून काढलेल्या हिशोबाशीं हा बराच जुळतो.

मुलें खोटें सांगतील, असा आक्षेप एका पालकांनीं घेतला. सांगतीलहि, पण माझ्या अनुभवानें तीं श्रम वाढवून नव्हे, लपवून सांगतात, कारण “एवढ्यानें दमलास?” असें त्यांस आपणच म्हणत आलों आहों.

जूनपासून मीं खेळाच्या खोलींत एक वही ठेविली आहे. पहिल्या दिवशीं त्याच मुलानें आपल्या नांवापुढें 9 लिहिले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलें. मीं त्यास पाणी दिलें व घरीं पाठविलें.