केंद्रातून सुटलेल्याला राहायला खोली द्या

धाराशिवकरहो,

२०२५च्या फेब्रुवारीत तामलवाडी परिसरात एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या सापडल्या आणि तुळजापूरचं नाव राज्यभर गाजलं. कोण सापडलं, कोण फरार, यावर पारापारावर चर्चा झाली. ज्या पोरांच्या अंगात ते विष भिनलं त्यांची विचारपूस फार थोड्यांनी केली. दारूने बसलेली घरं तर गावोगाव आहेत.

व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम मोजक्या दिवसांचा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणमध्ये तो सुमारे ३५ दिवसांचा असतो. तेवढ्यात शरीर सावरतं, तलफ मात्र दबा धरून असते. आणि माणूस एसटीतून उतरतो तो त्याच फाट्यावर, त्याच दोस्तांत. काहींना घरचे आत घेत नाहीत. त्यांनाही दोष देववत नाही. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बायकोने किती वेळा दार उघडायचं? भाड्याने खोली मागावी तर ‘बेवडा’ म्हणून नकार. मग स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा नशेकडे वळतो, आणि आपण म्हणतो, हा सुधारणाऱ्यांतला नव्हताच.

त्याला काही महिन्यांचं मधलं घर हवं. सात-आठ जण, सोबत व्यसनातून बाहेर पडून बरीच वर्षं टिकलेला एक जाणता माणूस. दिवसा काम, संध्याकाळी बैठक, कमाईतून खर्चाला हातभार. घरात नशा अजिबात नाही. पण कुणी घसरला तर रस्त्यावर न काढता पुन्हा उपचाराला न्यायचं. स्त्रियांसाठी वेगळं घर लागेल, कारण त्यांचं व्यसन घरचे जास्तच लपवतात.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे जडणाऱ्या मानसिक अवस्थांनाही आजार मानतो, आणि हाफवे होम, म्हणजे अशा मधल्या घरासारख्या निवासाची सोय सरकारवर सोपवतो. जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीने यंदाच तरतूद करावी. ग्रामसभांनी तसे ठराव पाठवावेत.

पण निधी येईपर्यंत थांबू नका. तुळजापुरात भाविकांसाठी खोल्या बांधणाऱ्यांनो, बंद वाडे सांभाळणाऱ्यांनो, दोन खोल्या द्या. गॅरेजवाले, दुकानदार, कारखानदार यांनी एकेक काम द्यावं. जागा किंवा काम देऊ शकत असाल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाला या आठवड्यातच लेखी कळवा. घरातच कुणी अडकलं असेल तर १४४४६ या टोल-फ्री क्रमांकावर आजच फोन करा.