हराम म्हणून झालं, पुढे काय?
अकोल्यात एका तरुणाच्या जनाज्याला गेलो होतो. घरचे 'हार्ट फेल' एवढंच सांगत होते. कब्रस्तानातून परतताना पोरं हळूच 'गोळ्या' म्हणाली. रात्री तो विचित्र घोरत होता, घरच्यांना वाटलं झोपलाय. नंतर पोलिसांच्या भीतीने कुणी १०८ लावला नाही.

नशा हराम, हे जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतोच. पण बेशुद्ध पडलेल्या पोराचं काय करायचं? कुशीवर वळवायचं, श्वास बघायचा, थांबला असेल तर तोंडाने द्यायचा, १०८ बोलवायची. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार; तिथे काय घेतलं ते खरं सांगायचं. कारण नॅलोक्सोन हे औषध अफू, हेरॉईन, कोडीनच्या नशेवर चालतं, झोपेच्या गोळ्यांवर किंवा एमडीवर नाही. हे शिकायला एक दुपार पुरे. मशिदीच्या हॉलमध्ये शिकवा, आणि आयांसाठी मोहल्ल्यातल्या शाळेत. (पहिल्यांदा कळतं ते त्यांनाच.)

सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. आपल्या कमिटीवाल्यांना हे ठाऊक आहे का?

पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनातून सुटलेलेच पुढे समुपदेशक झाले. आपल्याकडे असा पोरगा परतला की सोयरीक मोडते. मी म्हणतो, त्या दुपारी माइक त्याच्याच हाती द्या. मौलाना साहेबांनी नुसतं शेजारी बसावं.