कॅमेऱ्यातला पुरावा पुसू देऊ नका



कारखान्याच्या दारात, दुकानात, बँकेत, फलाटावर आज सगळीकडे कॅमेरे आहेत. कोण उशिरा आला, कोण जागेवरून उठला, हे मालक त्यात बघतो. पण कामगाराला अपघात झाला किंवा त्याच्यावर आळ आला, आणि त्याने तेच चित्रण मागितले, की उत्तर मिळते, "ते पुसले गेले."

साठवणीची जागा भरली की जुन्यावर नवे चित्रण आपोआप चढते, हे खरे. पण ती जागा किती दिवसांची घ्यायची, हे मालकच ठरवतो. सगळ्या खासगी दुकान-कारखान्यांना सरसकट लागू होईल अशी एक मुदत कायद्याने घातलेली नाही.

आमच्या मलिहाबादचेच घ्या. समजा, दशेरीच्या हंगामात अडतीवर पेट्या चढवताना हमालाचा पाय मोडला. तो महिना-दोन महिने खाटेवर. भरपाई मागायला उभा राहील तेव्हा हंगामही संपलेला आणि चित्रणही गेलेले. मग "हा आमच्याकडे कामालाच नव्हता" म्हणायला मालक मोकळा!

रेल्वेतही वेगळे नाही. निर्भया निधीतून रेलटेलमार्फत स्थानकांवर कॅमेरे बसवण्याची माहिती देताना २०२२ साली मंत्रालयाने सांगितले की चित्रण ३० दिवस राहील आणि महत्त्वाचे असेल ते जास्त काळ ठेवता येईल. महत्त्वाचे कोणते, हे कामगार ठरवत नाही. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांनुसार शिक्षेविरुद्ध अपिलाला ४५ दिवस मिळतात, तेही चार्जशीट, चौकशी आणि शिक्षेचा हुकूम एवढे सगळे झाल्यावर. जखमी प्रवाशाला दावा न्यायाधिकरणाकडे जायला एक वर्ष आहे. दाद मागायची मुदत शिल्लक आणि पुरावा मात्र संपलेला, हा कुठला न्याय?

जास्त दिवस ठेवणे परवडत नाही, असे मालक म्हणतील. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांतले चित्रण १८ महिने, आणि कोणत्याही स्थितीत किमान एक वर्ष ठेवण्याचा आदेश दिला. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना लॉकरच्या जागेचे चित्रण किमान १८० दिवस ठेवायला सांगितले. शिवाय, ग्राहकाने तक्रार केली तर पोलीस तपास पूर्ण होऊन वाद मिटेपर्यंत ते जपायचे. लॉकरमधल्या दागिन्यांना जे संरक्षण आहे, ते कामगाराच्या भाकरीला का नसावे?

सगळ्यांचे सगळे चित्रण वर्षानुवर्षे साठवा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केले तर कामगारावरची पाळतच वाढेल. मागणी एवढीच : अपघात, आरोप किंवा तक्रार झाली की त्या वेळेचे चित्रण वेगळे काढावे, अपिलाचा निकाल लागेपर्यंत जपावे आणि त्याची प्रत कामगाराला द्यावी.

तोवर प्रत्येक शाखेने एक पथ्य पाळावे. घटना घडली की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून चित्रण जपण्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. चित्रण पुसले गेले तरी ती पोच चौकशीत बोलेल.