जुना टीव्ही गेम भंगारात देण्याआधी: भारतातल्या विसरलेल्या व्हिडिओ गेमचा वारसा कोण जपणार?

दिवाळीच्या आधी घराची झाडझूड सुरू होती. माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका खाली आला. त्यात राखाडी रंगाचा टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि तीन पिवळ्या कॅसेट. दारात भंगारवाला उभाच होता. त्याने डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि आईला म्हणाला, "काकू, यात तांबं काई निंघत नाई. पिलास्टिकच्या भावात जाईन."

हे गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, झरी जामणी तालुक्यातलं मुकुटबन. आज ते सिमेंट कारखान्यामुळे आणि आसपासच्या कोळसा खाणींमुळे ओळखलं जातं. माझ्या लहानपणी मात्र सुट्टीतली मोठी घटना म्हणजे कोणाच्या तरी घरी टीव्ही गेम येणं आणि लोडशेडिंग संपायची वाट बघत सगळ्या गल्लीने तिथे जमणं.

भंगारात निघालेल्या अशा वस्तू जगभरातले हौशी संग्राहक शोधत असतात. भारतात त्यांची नोंद ठेवणारी संस्था कोणती, या प्रश्नाचं उत्तर मात्र पटकन देता येत नाही. हा विषय आज का महत्त्वाचा आहे, ते समजून घेऊ.

तो डबा नेमका काय होता?

आपण ज्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो, तो बहुतेक वेळा जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या यंत्राची नक्कल असायचा. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला. अमेरिकेत तोच १९८५ मध्ये 'एनईएस' या नावाने गेला. दोन्हींच्या कॅसेट वेगळ्या होत्या. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, तर एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेट सहसा ६० पिनांच्या असायच्या, म्हणजे जपानी पद्धतीच्या.

पुढे नक्कल करणं आणखी सोपं झालं. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपचं काम एकाच चिपमध्ये बसवलं गेलं. त्यामुळे डबा हलका झाला आणि स्वस्तही. भारतात मीडिया कंपनीचा 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' नावाने आलेले डबे आणि मुंबईच्या मिताशी कंपनीचे टीव्ही गेम अशी अनेक नावं घरोघरी पोहोचली. त्याहून जास्त डबे असे होते की, ज्यांवर धड कंपनीचं नावच नव्हतं. आमचा त्यातलाच.

मग अधिकृत गेम भारतात आलेच नाहीत का?

आले, पण फार थोड्या घरांत. त्या काळी बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आणण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे निन्टेन्डोचं यंत्र भारतात 'सामुराई' या नावाने विकलं गेलं. परवाना घेऊन सुटे भाग आणायचे आणि जोडणी इथेच करायची, अशी ती व्यवस्था होती.

सेगा कंपनीचं 'मेगा ड्राइव्ह' १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आलं. थेट आयात केली तर ८० टक्के शुल्क पडत होतं, ते टाळण्यासाठी हा करार झाला. तरीही किंमत सुमारे १८,००० रुपये होती. त्या काळात एवढ्या पैशांत रंगीत टीव्ही घरात येत होता. साहजिकच सामान्य घराने नक्कल निवडली.

म्हणून आज संग्राहकांच्या दृष्टीने भारताची स्थिती उलटी आहे. अमेरिका-जपानसारख्या देशांत मूळ यंत्रं भरपूर आणि नकला कमी. आपल्याकडे नकला गावोगावी पोहोचल्या आणि अधिकृत 'सामुराई' दुर्मिळ झाला. त्यातही पुठ्ठ्याचा मूळ खोका, माहितीपुस्तिका आणि वॉरंटी कार्ड सोबत असेल तर ती वस्तू आणखी मोलाची, कारण ती भारतात कधी, कुठे आणि कोणत्या नावाने विकली गेली याचा पुरावा त्या कागदांतच असतो.

भारतात बनलेले गेम कुठे गेले?

हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सोनीच्या 'प्लेस्टेशन २' या यंत्राची जगभरात १५ कोटींहून जास्त विक्री झाली. भारतात ते स्वस्त झाल्यावर, म्हणजे जगात त्याची सद्दी संपत असताना, इथल्या कंपन्यांनी त्याच्यासाठी गेम बनवले.

२००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला. त्यात कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी होती. मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने गल्लीतल्या क्रिकेटवर 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' बनवला. २०११ मध्ये 'रा.वन' चित्रपटावरचा गेम आला. सोनीने प्लेस्टेशन २ चं उत्पादन थांबवल्याचं जानेवारी २०१३ मध्ये जगाला कळलं आणि त्याच वर्षी भारतात 'डॉन २' हा गेम त्याच यंत्रासाठी विकला गेला.

परदेशातले संग्राहक हे गेम आवर्जून शोधतात, कारण ते प्रामुख्याने भारतीय बाजारासाठी निघाले होते. गेम म्हणून ते फार उत्तम होते असं नाही. पण विटीदांडू पडद्यावर कसा खेळायचा, असा प्रश्न एखाद्या भारतीय संगणक अभियंत्याने सोडवला होता, याचा तो पुरावा आहे. आज हा पुरावा प्लास्टिकच्या तबकड्यांवर, लोकांच्या कपाटांत पडून आहे.

इंटरनेटवर सगळं मिळतंच ना?

हा प्रश्न रास्त आहे. मारियो किंवा कॉन्ट्रा आज मोबाइलवरही खेळता येतात. ते गेम हरवणार नाहीत.

पण प्रसिद्ध गेम टिकले म्हणजे सगळे टिकले, असं होत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, तिथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारात ही अवस्था असेल, तर भारतापुरत्या निघालेल्या गेमचं काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

दुसरं म्हणजे नकलांचाही इतिहास असतो. '९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट आठवते का? आमच्या कॅसेटमधले गेम मी मोजले. वेगळे म्हणावेत असे जेमतेम वीस-बावीस निघाले, बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. कुठे मारियोचा रंग बदललेला, कुठे पहिलाच डाव मधून सुरू होणारा. ती चोरीच होती, यात वाद नाही. पण भारतातल्या लाखो मुलांनी पडद्यावरची वस्तू आपल्या बोटांनी पहिल्यांदा हलवली ती याच कॅसेटवर. आयात धोरण, शुल्क आणि तस्करी यांचा सामान्य घरावर काय परिणाम झाला, हे सांगणारी यापेक्षा सोपी वस्तू सापडणं कठीण.

आपला कायदा जुन्या गेमकडे कसा पाहतो?

वेगवेगळे कायदे पाहिले तर चित्र स्पष्ट होतं.

ई-कचरा: एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचा समावेश आहे. पर्यावरणासाठी ते योग्यच आहे. पण वापरातून गेलेला गेम म्हणजे कचरा, एवढीच नोंद तिथे होते.

पुरावशेष: १९७२ च्या कायद्यानुसार एखादी वस्तू पुरावशेष ठरायला साधारणपणे किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. म्हणजे १९८३ च्या फॅमिकॉमला २०८३ पर्यंत थांबावं लागेल. तोवर आतली चिप आणि प्लास्टिक टिकेल का, हा वेगळा प्रश्न.

ग्रंथालयं: १९५४ च्या कायद्यामुळे प्रकाशकांना पुस्तकं आणि वर्तमानपत्रं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागतात. व्हिडिओ गेम त्यात नाहीत.

कॉपीराइट: इथे खरी गुंतागुंत आहे. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आली आहे, त्याला स्वतःसाठी सुरक्षित प्रत काढायची मुभा आहे. ती वाटता मात्र येत नाही. सार्वजनिक, बिगरव्यावसायिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची सवलत २०१२ च्या दुरुस्तीत मिळाली. पण अट अशी की, ग्रंथालयाकडे त्या कृतीची 'डिजिटल नसलेली' प्रत आधीपासून असली पाहिजे. पुस्तकाच्या बाबतीत हे जमतं. गेमची कॅसेट मुळातच डिजिटल असते. त्यामुळे जी सवलत जतनासाठी दिली, तिच्याबाहेर गेम आपोआप राहतात.

जगात काय चाललंय?

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात २००० सालापासून पुस्तकांप्रमाणे खोक्यात विकल्या जाणाऱ्या गेमच्या प्रतीही जमा होतात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियममध्ये गेम आणि यंत्रांचा मोठा संग्रह आहे. अडचणी तिथेही आहेत. जतन केलेले जुने गेम संशोधकांना घरबसल्या पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कंपनीने सर्व्हर बंद केला तरी विकत घेतलेला गेम चालला पाहिजे, अशी तिची मागणी आहे.

भारतात २०२५ हे वर्ष गेमिंगच्या बातम्यांचं होतं. मे महिन्यात मुंबईत 'वेव्हज' परिषद झाली. सर्जनशील तंत्रज्ञानाची नवी राष्ट्रीय संस्था मुंबईत सुरू झाली. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. राज्य सरकारनेही ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण आणलं. चर्चेचा सगळा भर उद्याच्या उद्योगावर आणि आजच्या धोक्यांवर राहिला. उद्या शिकायला येणाऱ्या मुलांना काल इथे काय बनलं होतं, हे दाखवायचं कुठून?

महाराष्ट्राला याचा धडा आधीच मिळालाय

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. बहुतेक मूकपटांचीही हीच गत झाली, कारण त्या काळी सिनेमा ही जपायची वस्तू आहे असं फार कोणाला वाटलं नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी रिळं गोळा करायला सुरुवात केली, तोवर बरंच काही गेलं होतं. दादासाहेब फाळकेंच्या चित्रपटांचे जे भाग आज पाहता येतात, त्यात फाळके कुटुंबीयांनी घरी सांभाळलेल्या रिळांचा मोठा वाटा आहे.

गेमच्या बाबतीत आपण अजून त्या टप्प्यावर आहोत, जिथे घरातल्या माळ्यांवर काहीतरी शिल्लक आहे. त्यासाठी मोठी इमारत लागेलच असं नाही. एखाद्या विद्यापीठाने किंवा संग्रहालयाने देणग्या स्वीकारून यादी करायला सुरुवात केली आणि कॉपीराइट कायद्यातल्या 'डिजिटल नसलेली' या अटीचा फेरविचार झाला, तरी पुष्कळ काम होईल.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर?

• जुना अडॅप्टर लगेच लावू नका. डब्यावर आणि अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण जुळते का, ते आधी पाहा.

• कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनीच मारली आहे, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना हलक्या हाताने पुसा.

• बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. तिला जुना, मोठ्या ढेरीचा टीव्हीच लागतो. ती बिघडली म्हणून टाकून देऊ नका.

• खोका, पावती, माहितीपत्रक फेकू नका. डब्यासोबत त्यांचेही फोटो काढून ठेवा.

आमचा डबा मी भंगारवाल्याकडून परत मागून घेतला. तोही हसत म्हणाला, "घ्या, खेळा." टीव्हीला जोडल्यावर चित्र आलं, आवाज आला नाही.

खोक्याच्या तळाशी घडी घातलेली एक पावती सापडली. वणीच्या एका दुकानाची. शाई उडालेली, पण एक ओळ वाचता येते: 'टी.व्ही. गेम, १ नग'. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. हा डबा कधीकाळी मुकुटबनला आला होता, याचा एवढाच कागदी पुरावा आहे. तो आता कॅसेटसोबत, कोरड्या डब्यात ठेवला आहे.