५० रुपयांची पोफळ

भिसेगावातून समुद्र दिसत नाही, पण जिल्हा आपला एकच, रायगड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारी मदत ठरली: नारळाच्या झाडामागे २५० रुपये, पोफळीमागे ५०. म्हणजे कर्जत स्टेशनवरचे दोन-तीन वडापाव! नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर वाडीवाल्याने खायचं काय? आपण सॉफ्टवेअर विकलं की पुढे काही वर्षं सपोर्ट देतोच ना? तसंच इथेही हवं: झाड धरेपर्यंत दरवर्षी थोडी मदत, रोपं, आंतरपिकाला हातभार. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढतायत. एकदाच पैसे वाटून फाईल बंद करणं आता परवडणार नाही.